लॅब्राडोर निर्दोष आहे!

स्ट्रॉबेरीचा हंगाम आला की एक गोष्ट हमखास फॉरवर्ड होऊन येते. १९२० च्या दशकात ईटन आणि हॅरो या दोन इंग्लिश शाळांच्या क्रिकेट सामन्याला कुणीतरी पाव्हलोवा नेला, म्हणजे मेरिंगवर (अंड्यातला पांढरा भाग साखरेबरोबर फेटून भाजलेला कुरकुरीत पदार्थ) क्रीम आणि फळं रचलेला गोड पदार्थ. वाटेत टोपलीवर लॅब्राडोर बसला. चेंदामेंदा झालेलं तेच वाट्यांत वाढलं आणि स्ट्रॉबेरी, क्रीम, चुरलेलं मेरिंग यांची 'ईटन मेस' जन्माला आली. गोष्ट गोड आहे, पण एकही सांधा नीट बसत नाही.

आधी साल बघा. जुलै १८९३ मध्ये, पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राच्या लग्नानिमित्त, लंडनच्या मार्लबरो हाऊसमध्ये उद्यानमेजवानी झाली. तिच्या पदार्थांच्या यादीत स्ट्रॉबेरीची ईटन मेस आहे. म्हणजे कुत्रा जन्मायच्या आधीच पदार्थ राजघराण्याच्या टेबलावर!

बरं, पाव्हलोवा. हे नाव ज्या रशियन नर्तिकेचं, त्या आना पाव्हलोवाचा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौरा १९२६ चा. पदार्थाचं बारसं त्यानंतर तिकडेच झालं, आणि मान कुणाचा यावरून ते दोन देश अजून भांडताहेत. तो लगेच इंग्लंडमधल्या सहलीच्या टोपलीत कसा पोचला?

शिवाय १९३० च्या दशकात ईटनच्या शाळेतल्या खाऊच्या दुकानात मिळायची ती मेस म्हणजे स्ट्रॉबेरी किंवा केळी आणि त्यात क्रीम नाहीतर आइस्क्रीम. कुरकुरीत मेरिंग नंतर आलं. मग कुत्र्यानं चुरडलं काय?

खरी गंमत नावात आहे. 'मेस' म्हणजे पसारा, म्हणून काहीतरी सांडलं-चेंगरलं असणार, असा तर्क लोक लढवतात. पण हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तेव्हा त्याचा अर्थ होता ताटात वाढलेलं अन्न. पसारा हा अर्थ पुष्कळ नंतरचा. पुण्यात शिकायला आलेला पोरगा 'मेस लावली' म्हणतो ना, तोच हा शब्द. आपल्या मेसवर कुणी बसलं होतं का? (काही पोळ्या बघून शंका येते, ते सोडा.) ससेक्समधल्या लान्सिंग कॉलेजची केळ्यांची 'लान्सिंग मेस' आहे, तिच्यासाठी कुठला प्राणी शोधणार?

आणि हो, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी विथ क्रीम म्हणजे ईटन मेस नव्हे. आजच्या मेसला मेरिंग लागतंच, तेही वाढायच्या क्षणी मिसळलेलं. आधी कालवून ठेवलंत तर क्रीममध्ये विरघळून चिकट लगदा होईल, आणि तो दोष मात्र तुमचाच.