‘तीन रात्री रडू द्या’ या सल्ल्याचा हिशेब

नवीन पिल्लू घरी आलं की मालकाच्या मोबाइलवर एक सल्ला हमखास येऊन पडतो: ‘पहिल्या रात्रीपासून क्रेटमध्ये (दार असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) बंद करा. कितीही रडलं तरी दार उघडू नका, तीन रात्रींत गप्प होतं. कुत्रा झोपायच्या जागी घाण करत नाही, आठ तास ठेवलं तरी चालतं. क्रेट एकदाच मोठा घ्या. चूक केली की आत टाका.’ क्रेट कामाची वस्तू आहे, पण असा वापरला तर तो घरातला कोंडवाडा होतो.

पहिल्या रात्रीपासून बंद? दार लावणं ही सगळ्यात शेवटची पायरी. आधी दोन-तीन दिवस दार उघडं आणि दोरीने बांधलेलं ठेवा, नाहीतर ते आपटतं आणि पिल्लू दचकतं. जेवणाचं ताट आत, मागच्या टोकाला. अधूनमधून उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा आत टाका. (लाडाने भरिताचा घास नको, त्यातली कांद्याची पात कुत्र्याला बाधते.) ते आपणहून आत जाऊन बसू लागलं की जेवताना दार लावा आणि ताट रिकामं होण्याआधी उघडा. मग पाच सेकंद, अर्धा मिनिट, पाच मिनिटं. आधी समोर बसून, नंतर खोलीबाहेर जाऊन. कुरकुर सुरू झाली तर वेळ फार भराभर वाढवलात, एक पायरी मागे या. तोवर रात्री क्रेट आपल्या अंथरुणाशेजारी, दार उघडं आणि भोवती जाळीचं कुंपण.

रडण्याचं म्हणाल तर सगळं रडणं एक नसतं. आठ आठवड्यांचं पिल्लू कालपर्यंत भावंडांच्या उबेत झोपत होतं. थांबत थांबत कुरकुरत असेल तर जाळीजवळ हात ठेवा, दोन-चार मिनिटांत निवतं. झोपेतून उठून एकदम रडलं तर त्याला शू लागली आहे: उचला, बाहेर न्या, बोलणं नाही, खेळ नाही, झालं की परत. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवडे, भटकी कुत्री फिरतात त्या गल्लीत नेऊ नका, पार्वो या जीवघेण्या विषाणूची भीती असते. अंगण किंवा गच्ची बरी. आणि लाळेने छाती भिजली, पिल्लू जाळी चावतंय, नखं रक्ताळली, तर ती घबराट आहे, दार लगेच उघडा. अशा पिल्लाची चौथ्या रात्रीची शांतता पाहून मालक खूश होतो, पण बऱ्याचदा त्याने फक्त हाका मारणं सोडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याला क्रेटकडे ओढत न्यावं लागतं, त्यावरून कळतं.

आठ तासांच्या वाक्यात अर्धं खरं आहे. कुत्रा झोपायची जागा जपतो, पण मूत्राशय भरलं की नाइलाज. ढोबळ अंदाज असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, तेही झोपलेलं असताना. खाल्ल्यावर, खेळल्यावर, उठल्यावर लगेच बाहेर. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार-पाच तासांपुढे ठेवू नये. आतच घाण करायची वेळ वारंवार आली की जागा स्वच्छ ठेवायची उपजत ओढच मोडते, आणि सगळं शिक्षण तर तिच्यावरच उभं आहे. डाग पुसायला फिनाईल वापरू नका, ते पिल्लाला घातक ठरू शकतं. शूचा वास मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर घ्या.

या सल्ल्यात न लिहिलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांतून येतो, बाकी सगळी मदार धापांवर. त्यामुळे क्रेट पत्र्याखाली नको, पश्चिमेच्या भिंतीला नको, वर चादर नको, आत जाड गादी नको. फरशीवर पातळ सुती कापड पुरे. कूलर लावलात तर खिडकी उघडी ठेवा, कोंदट हवेत धापा टाकूनही अंग निवत नाही. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून उन्हाळ्यात घरात कुणी नसताना भर दुपारी दार लावूच नका. पगसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लाला तर अजिबात नाही. घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर नळाच्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरांकडे न्या. बर्फाचं पाणी नको.

मोठा क्रेट घ्यायला हरकत नाही, मधे फळी लावायची सोय हवी. लॅब्रेडोरला पुढे ४२ इंची लागतो, पण आज पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा द्या. नाहीतर एक कोपरा झोपेचा, दुसरा संडासचा.

चूक केल्याची शिक्षा म्हणून आत टाकलंत तर वरची सगळी मेहनत पाण्यात गेली. आणि आत सोडण्याआधी गळ्यातला पट्टा काढा. त्याची कडी जाळीत अडकली तर फास बसतो.