शंभर रुपयांत होतंय म्हणून सांगू नका कुणाला

तर तुम्ही बेळगावात खायच्या वस्तूंचा धंदा काढायचं ठरवलंय. चांगलं केलंत. आईच्या हातचे मांडे आख्ख्या गल्लीला आवडतात, किंवा बायको कुंदा असा करते की पाव्हणे जाताना डबा मागून नेतात, किंवा नोकरी सुटलीय आणि मेव्हणा म्हणतोय गोबी मंचुरीची गाडी लाव की, संध्याकाळी चार तासांत सुटतंय सगळं. कारण काही असू दे. आता लायसन्सचं काय करायचं असा प्रश्न पडला असेल तर पहिला सल्ला हाच, की ज्याला ते द्यायचा अधिकार आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारा.

सुरुवात कोल्हापूरच्या पाव्हण्यांपासून करा. ते ठासून सांगतील, गुमास्ता काढ, शॉप ॲक्ट काढ, 'आपले सरकार'वर जा, बसल्या जागी होतंय. मग रात्री मोबाईलवर मराठी व्हिडिओ बघा. पुण्यातला एक हसरा मुलगा 'मित्रांनो' म्हणत म्हणत सगळं समजावून सांगतो, भाषा आपली, माणूस आपला, पटतंय पण सगळं, फक्त तो बोलतोय महाराष्ट्राच्या कायद्याबद्दल आणि तुमचं दुकान आहे बेळगावच्या वडगावात नाहीतर खानापूरला. इथं दुकानाची नोंदणी कर्नाटकाच्या १९६१ च्या कायद्याखाली, कामगार खात्याकडं, ई-कार्मिक नावाच्या साईटवर. हे त्या व्हिडिओत कुठून येणार? तरी तुम्ही तोच व्हिडिओ परत परत बघा आणि 'आपले सरकार'वर जिल्हा निवडायची वेळ आली की सगळी यादी वरखाली करून बेळगाव शोधत बसा. सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, तो ड्रॉपडाऊनमध्ये सुटेल अशी आशा ठेवायला काय हरकत आहे.

आता एक गुपित सांगतो, पण गल्लीत पसरवू नका. खाण्याच्या धंद्याचं जे मुख्य कागद, ज्याला सगळे फूड लायसन्स म्हणतात, त्यात बेळगाव आणि कोल्हापूर असा फरकच नाही. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, देशभर एकच, ऑगस्ट २०११ पासून लागू. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचं फॉसकॉस नावाचं पोर्टल आहे, अर्ज तिथंच. आणि २०११ च्या नियमांनी बारक्या माणसाला, म्हणजे तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला, लायसन्स नाही तर नुसती नोंदणी लावली, तिची फी वर्षाला १०० रुपये. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि काय विकणार त्याची माहिती. अर्ज गेल्यावर सात दिवसांत एकतर नोंदणी द्यायची, नाहीतर कारण लिहून नाकारायचं, नाहीतर तपासणीला येतो म्हणून कळवायचं, असं नियमातच आहे. फेरीवाला, गाडीवाला, जत्रेत चार दिवस स्टॉल टाकणारा, घरच्या स्वयंपाकघरात लाडू वळून विकणारी बाई, सगळे यात आले. नोंदणीची उलाढालीची मर्यादा ओलांडलीत तर राज्याचं लायसन्स, फारच मोठे झालात तर केंद्राचं. वर्षाला कोट्यवधींचे मांडे विकायला लागलात की मग माझा सल्ला घेऊ नका, चांगला सीए बघा.

पण शंभर रुपयांत झालेल्या कामाला समाजात काय किंमत आहे हो? लग्नात कुणी विचारलं, लायसन्सला किती गेले, तर शंभर म्हणून सांगणार? तोंड कसं दाखवणार मग? म्हणून एजंट गाठा. एजंट हा ऑफिसच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानाजवळ उभा असतो, त्याला शोधावं लागत नाही, तोच तुम्हाला ओळखतो. तो पहिल्यांदा सांगेल की अवघड आहे. मग सांगेल की आतली माणसं आपली आहेत. मग तीन हजार सांगेल आणि तुम्ही घासाघीस करून अडीचवर आणाल आणि घरी येऊन पाचशे वाचवले म्हणून सांगाल. अर्जात मोबाईल नंबर तो स्वतःचा घालतो, ईमेल पण स्वतःचाच, कारण तुम्हाला कशाला त्रास. त्यामुळं ओटीपी त्याला, मेसेज त्याला, फी भरायची वेळ आलीय ही आठवण पण त्यालाच. फी राहून जाते, तुम्हाला पत्ता नसतो, परत अवघड आहे, परत अडीच हजार. असा जन्मभराचा संबंध हल्ली सोयरिकीत पण जुळत नाही.

एजंट भेटलाच नाही तर नेटवर सर्च करा आणि सगळ्यात वर जी साईट येईल, जिच्यावर झेंडा आणि अशोकस्तंभासारखं काहीतरी दिसतंय, तिच्यावर डोळे मिटून पैसे भरा. लहान धंद्यांसाठी जी उद्यम नोंदणी असते तिची सरकारी फी शून्य आहे, आधार आणि पॅनवर होते, पण फुकट म्हटल्यावर आपल्याला शंका येते आणि पैसे मागितले की विश्वास बसतो.

कागदांचं मात्र मनावर घ्या, खरी मजा तिथं आहे. आधारवर तुमचं नाव कन्नड आणि इंग्लिशमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीत, पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, आणि गावाचं नाव २०१४ च्या नोव्हेंबरआधीच्या कागदावर बेलगाम, नंतरच्यावर बेळगावी. हेस्कॉमचं लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन किती वर्षं झाली ते घरात वर्षश्राद्धाला आठवतं, बिल बदलायचं आठवत नाही. जागेचा उतारा पाच भावांत, त्यातला एक शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात, राहतो आणि एकाशी तुमचं बोलणं नाही. तर व्यवसाय परवान्यासाठी, जो शहरात महानगरपालिकेकडून आणि गावात ग्रामपंचायतीकडून घ्यायचा असतो आणि फूड नोंदणीहून वेगळा असतो, घरपट्टीची पावती आणि जागेची संमती मागितली की आधी वीस वर्षांचं भांडण मिटवावं लागतं. काही घरं गोबी मंचुरीमुळं परत एक झाली असतील, कुणी सांगावं. न मिटलं तर सरकारवर खापर फोडा. एक खिडकी म्हणतात आणि पन्नास कागद मागतात असं तावातावानं बोला, पन्नासातले पस्तीस आपल्याच कपाटात चुकीच्या नावानं पडलेत हे बोलायची गरज नाही.

ऑफिसात गेलात तर दुपारी जेवणाच्या वेळेलाच जा. 'साहेबरू इल्ला, नाळे बन्नी', म्हणजे साहेब नाहीत, उद्या या, असं ऐकायला मिळेल, की बाहेर येऊन 'बघा, मराठी म्हणून दिलं नाही' असं सांगायची सोय झाली. समोरच्या कन्नड माणसाला पण तेच सांगून परत पाठवलं होतं, तो तुमच्यापुढं रांगेत होता, पण ते कशाला सांगायचं. कधी कधी खरंच मराठी म्हणून पण अडतं, नाही असं नाही, आणि त्यामुळंच बाकीच्या वेळचं खोटं खपून जातं.

बोर्ड हा स्वतंत्र विषय. सगळ्या कागदांच्या आधी बोर्ड करून घ्या, वीस फुटी, लाईटचा, वर मराठीत मोठ्ठं नाव, कोपऱ्यात कुलदैवत, दुसऱ्या कोपऱ्यात वडिलांचा फोटो. मग कुणीतरी सांगेल की २०२४ मध्ये कर्नाटकाने कायदा सुधारून बोर्डावर साठ टक्के कन्नड आणि ते पण वरच्या अर्ध्या भागात असं केलंय. बोर्डवाल्याला परत बोलवा. तो खूश. आता वर कन्नड, खाली मराठी, वडिलांचा फोटो मध्ये कुठंतरी. हे झाल्यावर पाकिटाचं लेबल करायला जा आणि तिथं कळेल की लेबलवरची सक्तीची माहिती इंग्लिशमध्ये नाहीतर देवनागरी हिंदीत पाहिजे, बाकी कुठली भाषा जास्तीची म्हणून घाला तुमची हौस असेल तर. म्हणजे बोर्ड कन्नड, पाकीट इंग्लिश, बिलावर नुसते आकडे आणि गिऱ्हाईक काउंटरवर येऊन विचारणार, अण्णा ताजा हाय न्हवं?

ताज्याचं उत्तर तोंडी द्यायचं, लिहून कधी द्यायचं नाही. ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेसमोर पण कधीपर्यंत खावी ती तारीख लावायची आहे. कुंदा हा दुधाचा पदार्थ, त्याच्यावर तारीख लावली तर तारीख उलटल्यावर टाकून द्यावा लागेल, आणि आपल्यात अन्न टाकणं पाप आहे. गिऱ्हाईकाच्या पोटाचं काय ते कर्म वेगळं.

गोबीवाल्यांनी तर रंगाच्या बाबतीत अजिबात मागं हटू नये. २०२४ च्या मार्चमध्ये राज्याने गोबी मंचुरीत कृत्रिम रंग नको म्हणून सांगितलं, कॉटन कँडीतलं रोडामाइन बी बंद केलं, जूनमध्ये कबाबचा रंग बंद केला. रोडामाइन बी म्हणजे कापड रंगवायचा रंग. आता आपल्या शहापूर-वडगावात घरोघरी माग, साड्यांचं गाव, रंगाशी आपलं पिढ्यांचं नातं, गिऱ्हाईकाला तांबडीलाल गोबीच लागते, फिकी दिली की काल उरलेली आहे म्हणतो. मिरचीचा रंग येतो पण मिरची महाग. म्हणून साडीला जे चालतं ते आतड्याला चालेल असं धरून चाला. इडलीच्या भांड्यात प्लास्टिक घालायचं पण २०२५ मध्ये बंद केलं, यांना काही बघवतच नाही.

गॅस घरचाच वापरा. धंद्याला १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर लागतो हे सगळ्यांना माहिती आहे, घरचा १४.२ किलोचा गाडीखाली लावणं बेकायदा आहे हे पण माहिती आहे, म्हणूनच तर त्याच्यावर पोतं टाकतात. पोतं टाकलं की कायद्याला दिसत नाही, आगीला दिसतं.

पैसे घ्यायची सोय पहिल्या दिवसापासून क्यूआरवर ठेवा आणि हिशोब मात्र कुठंही लिहू नका. जुलै २०२५ मध्ये वाणिज्य कर खात्याने यूपीआयचे आकडे काढून बेकरीवाले, चहावाले, किराणावाले असल्या बारक्या लोकांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या होत्या, वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या वर आणि सेवा असेल तर २० लाखांच्या वर गेलं की नोंदणी पाहिजे म्हणून. राज्यभर बोंबाबोंब झाली, काहींनी क्यूआर काढून टाकले, शेवटी मुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन जुनी बाकी वसूल करणार नाही म्हणून सांगितलं. त्यात ज्यांचा गल्ला खरंच लहान होता, किंवा दूध-भाजीसारखा करमाफ माल होता, त्यांनी वही दाखवायची होती. वही कुणाकडं? पाव्हण्यांनी जीपेवर पाठवलेले हातउसने, भिशीचे पैसे, मुलीच्या फीचे आणि गोबीचे, सगळे एकाच खात्यात. ही परंपरा तुम्ही पण पाळा. फूडच्या अर्जात उलाढाल १२ लाख लिहा, बँकेत कर्ज मागताना ३० लाख सांगा, आणि दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये ठेवा.

उद्घाटन मात्र दणक्यात करायचं. नगरसेवक, स्वामीजी, दोन्ही गटांचे पुढारी, कन्नड संघटनेवाला पण बोलवा म्हणजे बोर्डाचं बघायला वेगळा येणार नाही. नोंदणीचं नंतर बघू, आधी धंदा चालतोय का ते बघू, असं सगळेच म्हणतात आणि पाच-पाच वर्षं बघतच असतात. कायद्यात मात्र उलटं लिहिलंय, आधी नोंदणी मग धंदा, कलम ३१. आणि जानेवारी २०२२ पासून तो चौदा आकडी नंबर बिलावर पण छापायचा आहे. छापू नका. कधीतरी अन्न सुरक्षा अधिकारी गाडीपाशी येऊन नंबर विचारतीलच, तेव्हा घाबरायचं नाही, एक प्लेट गोबी पुढं करायची, ती नको म्हणाले तर खिशातून एजंटाचं व्हिजिटिंग कार्ड काढून त्याच्यावरचे दहा आकडे मोठ्यानं वाचायचे. उरलेले चार एजंटाकडं आहेत म्हणून सांगायचं.