रस्ते-पुलांना बीआयएम कशाला, या प्रश्नाला उत्तर

‘बीआयएम म्हणजे महागडं थ्रीडी चित्र. इमारतींना ठीक आहे, रस्ते-पूल-बोगद्यांना त्याचा उपयोग नाही. साइटवर शेवटी कागदच लागतो. खर्च मात्र वाढतो.’ बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, बांधकामाच्या प्रत्येक भागाची माहिती जोडलेलं संगणकावरचं मॉडेल. त्याबद्दल बांधकामातल्या लोकांमध्ये हा मजकूर सतत फिरतो. त्याच्यावर विसंबून निर्णयही होतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

चित्र? मॉडेलमधला पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेला खांब, नुसता दंडगोल नसतो. त्याला क्रमांक असतो. काँक्रीटची ग्रेड, सळ्यांचा तपशील, ओतकामाची तारीख, चाचणीचा अहवाल हे सगळं त्याच्याशी जोडता येतं. २०१८ पासून प्रसिद्ध होत गेलेली आयएसओ १९६५० ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका पाहा. तिचा भर दिसण्यावर नाहीच. कोणती माहिती, कोणाला, कधी लागणार आणि ती कोण तपासणार, हा तिचा विषय आहे.

‘इमारतींपुरतंच’ या म्हणण्यात मात्र तथ्य होतं, ते नाकारू नये. सुरुवातीची बरीच सॉफ्टवेअर मजले आणि भिंती डोळ्यांपुढे ठेवून बनली. रस्त्याचं सगळं मोजमाप आखणीच्या रेषेवर, साखळीनुसार (म्हणजे सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार) चालतं. शिवाय अंतर वाढलं की पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या यूटीएम प्रक्षेपणात, पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर स्केल ०.९९९६ असतो, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशावर सुमारे ४० सेंटीमीटर कमी भरतो. दहा किलोमीटरला चार मीटर! इमारतीत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पुलाच्या दोन टोकांचे गट वेगवेगळ्या निर्देशांक पद्धतीत काम करत असतील तर ते भोवतं. हा प्रश्न कागदावरही तितकाच होता. मॉडेल एकत्र आणताना तो खोदाईआधीच समोर येतो, हा फायदाच आहे. आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करण्याच्या आयएफसी ४.३ या खुल्या फाइल-स्वरूपात आखणी, रस्ते, रेल्वे, पूल, बंदरं आली. २०२४ मध्ये ते आयएसओ मानकही झालं.

जमिनीखालच्या वाहिन्यांबाबत मी बीआयएमच्या समर्थकांनाही सावध करीन. जुन्या नोंदींवरून काढलेली जलवाहिनी मॉडेलमध्ये चाचणी खड्डा घेऊन पाहिलेल्या वाहिनीइतकीच ठसठशीत दिसते. म्हणून प्रत्येक वाहिनीसोबत तिच्या सर्वेक्षणाचा दर्जा नोंदवलाच पाहिजे. नाहीतर टकराव तपासणीचा (मॉडेलमध्ये दोन गोष्टी एकाच जागी येतात का, हे पाहण्याचा) अहवाल स्वच्छ येईल आणि जेसीबीचा दात पाइपावरच बसेल.

कागदाचा मुद्दा थोडक्यात संपतो. नॉर्वेतला ६३४ मीटरचा रांडसेल्वा पूल पारंपरिक ड्रॉइंगशिवाय, मॉडेलवरून बांधला गेला. मशीन कंट्रोल (पात्याची पातळी संगणकावरून सांभाळणारी यंत्रणा) असलेले ग्रेडर आणि एक्स्कॅव्हेटर तर डिझाइनचा पृष्ठभाग थेट फाइलमधूनच घेतात.

खर्च वाढतो, हे खरं; पण तो सुरुवातीला वाढतो. सॉफ्टवेअर, प्रशिक्षण, डिझाइनचे जादा तास. बचत पुढे होते, फेरकाम टळल्यावर आणि देखभालीत, आणि ती बहुतेकदा मालकाच्या पदरात पडते. त्यामुळे कंत्राटदाराची कुरकुर मला समजते. निविदेत ‘बीआयएम करावे’ एवढंच लिहिलं, तर काम संपल्यावर ड्रॉइंगवरून मॉडेल बनवून दिलं जातं आणि तो पैसा वाया जातो. त्याऐवजी बेअरिंगचा (पुलाचा वरचा भाग ज्यावर टेकतो त्या आधाराचा) प्रकार, पाइलची प्रत्यक्ष खोली, एक्स्पान्शन जॉइंट (प्रसरणासाठी ठेवलेला सांधा) बदलण्याची पद्धत या नोंदी कोणत्या टप्प्यावर, कोणत्या स्वरूपात हव्यात हे निविदेत लिहावं, त्या कामाचे पैसे दरपत्रकात वेगळे धरावेत, आणि नोंदी तपासून झाल्याशिवाय त्या टप्प्याचं बिल काढू नये.