पेरॉक्साइडचे दहा थेंब आणि प्रयोगशाळेची साक्ष

नागपुरातील वसाहतींच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या एका संदेशाचा गोषवारा असा : वैद्यकीय संशोधनाच्या प्रयोगशाळांत हायड्रोजन पेरॉक्साइडचे विरल द्रावण रोज वापरले जाते, त्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, ऑक्सिजनपुढे कर्करोग टिकत नाही हे दाखवल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना नोबेल मिळाले, तेव्हा ग्लासभर पाण्यात ३ टक्के द्रावणाचे दहा थेंब टाकून रोज प्यावे. यातले पहिले विधान खरे आहे आणि बाकीची त्याच्याच आडोशाला उभी आहेत, म्हणून आधी तेच नीट तपासले पाहिजे.

प्रयोगशाळेत हे द्रावण वापरतात ते अभिकर्मक म्हणून, म्हणजे चाचणीत अभिक्रिया घडवणारे रसायन म्हणून. बायोप्सीच्या तुकड्याचे काही मायक्रॉन जाडीचे छेद काचपट्टीवर घेतात आणि त्यांत एखादे विशिष्ट प्रथिन आहे का हे पाहण्यासाठी त्याला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. त्या प्रतिपिंडाला पेरॉक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) जोडलेले असते, आणि वरून पेरॉक्साइड व डीएबी हे रसायन घातले की विकर असेल तेथेच तपकिरी रंग धरतो. अडचण अशी की ऊतकातल्या तांबड्या व काही पांढऱ्या पेशींपाशी स्वतःचीही अशी क्रिया असते, आणि ती राहू दिली तर नको तेथे रंग येऊन निदानच चुकते. म्हणून छेद आधी दहाएक मिनिटे ३ टक्के पेरॉक्साइडमध्ये बुडवून ठेवतात. रक्ताळ भागावर तेव्हा बारीक बुडबुडेही उठतात. म्हणजे संदेश ज्या ३ टक्क्यांची ग्वाही देतो, त्यांचे येथले काम विकरे निकामी करणे हे आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हेच द्रावण कॅटलेझ या पेरॉक्साइड फोडणाऱ्या विकराच्या चाचणीत भेटते : थेंबात जिवाणू कालवले की स्टॅफिलोकॉकस फसफसतो, स्ट्रेप्टोकॉकस फसफसत नाही. एलायझासारख्या, प्रतिपिंड वापरून नमुन्यातला घटक शोधणाऱ्या चाचण्यांत ते रंग आणणाऱ्या अभिक्रियेपुरते असते.

कर्करोगाच्या पेशी पेरॉक्साइडने मरतात, हेही खोटे नाही. पण निरोगी पेशीही मरतात, आणि संशोधकांना बहुतेक वेळा तेच हवे असते. चेतापेशी किंवा हृदयस्नायूच्या पेशी ऑक्सिडेशनच्या ताणाने कशा खचतात हे अभ्यासायचे असेल, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या संवर्धनात मुद्दाम पेरॉक्साइड घालून तो ताण निर्माण करतात. त्यासाठी १०० मायक्रोमोलरच्या आसपासची मात्रा नेहमीची आहे, म्हणजे सुमारे ०.०००३४ टक्के, ३ टक्के द्रावण त्याच्या जवळपास नऊ हजार पट तीव्र ठरते. शिवाय पोषक द्रवात पायरुव्हेट असेल तर ते पेरॉक्साइड गिळून टाकते आणि प्रयोगाचा निकाल बदलतो, इतके हे रसायन भोवतालावर अवलंबून आहे. प्लेटमधल्या पेशी मारणे हा तसा पराक्रम नव्हे, मिठाच्या गाढ पाण्यानेही ते साधते. प्रश्न असतो तो निवडून मारण्याचा. जपान आणि ब्रिटनमध्ये किरणोपचाराचा परिणाम वाढावा म्हणून पेरॉक्साइड थेट गाठीत टोचण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु त्यात गाठ, सुई आणि किरणोपचार तिन्ही लागतात, पाण्याचा ग्लास लागत नाही.

वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते श्वसनविकराचे स्वरूप व कार्यपद्धती शोधल्याबद्दल. कर्करोगाविषयीचे त्यांचे निरीक्षण तर संदेशाच्या उलट जाते : ऑक्सिजन हजर असतानाही या पेशी ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करत राहतात. ऑक्सिजनने कर्करोग मरत असता, तर फुफ्फुसात तो कधी झालाच नसता.

आता दहा थेंब. ते साधारण अर्धा मिलिलिटर भरतात, आणि ३ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमधून सुमारे दहा मिलिलिटर ऑक्सिजन सुटतो. म्हणजे हाती आले पाच मिलिलिटर. विश्रांतीत माणसाचे शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेते, त्या हिशेबाने ही एका सेकंदाची बेगमी झाली, तीही फुफ्फुसात नव्हे तर पोटात. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन मुळातच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते.

खरा धोका बाटलीत आहे. औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांची, '२० व्हॉल्यूम' (म्हणजे एका मिलिलिटरमधून वीस मिलिलिटर ऑक्सिजन) लिहिलेली बाटली मिळते, आणि संदेश वाचून ऑनलाइन शोधणाऱ्याच्या हाती 'फूड ग्रेड' नावाचे ३५ टक्क्यांचे द्रावण पडू शकते. त्याचा एक मिलिलिटर शंभराहून अधिक मिलिलिटर वायू सोडतो. अन्ननलिका भाजते आणि वायूचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) याविरुद्ध २००६ मध्येच इशारा दिला होता. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेली बाटली उष्णतेने व उजेडाने विघटित होत असते, त्यामुळे लेबलावरचा आकडाही भरवशाचा राहत नाही. प्रयोगशाळा म्हणूनच परमँगनेटशी अभिक्रिया करून किंवा २४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश किती शोषला जातो हे मोजून तीव्रता ठरवते.

कोणी तीव्र द्रावण प्यालेच असेल, तर उलटी करवू नये. १०८ ला फोन करावा, किंवा नागपुरातील मेडिकल अथवा मेयो या शासकीय रुग्णालयांपैकी जे जवळ पडेल तेथील आकस्मिक विभागात बाटलीसह न्यावे.