बदलीचा अर्ज मी भरलेला नाही

आज अंबाजोगाईत एका लग्नाच्या पंगतीत वरण वाढले जात असतानाच एका नातलगाने सर्वांसमोर विचारले, "कव्हर राहायचं तिकडं? औंदाबी फारम भरला न्हाई म्हणं?" मी हसून वेळ मारून नेली, पण पुढचा घास गोड लागला नाही.

होय, आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मी भरलेला नाही, आणि तो नजरचुकीने राहिलेला नाही. डी.एड. झालेल्या आपल्याकडच्या अनेकांप्रमाणे मलाही रत्नागिरी जिल्हा परिषदेत शिक्षकाची नोकरी लागली, तेव्हा मी दापोली तालुक्यातल्या हर्णैला एका पिशवीनिशी उतरलो होतो. घरमालक जुने कपाट देत होते. जाताना ओझे नको म्हणून तेही नाकारले.

मग एप्रिलअखेर वाडीतली विहीर तळाला गेली आणि टँकर आला. मी लातूरला २०१६ च्या दुष्काळात शिकत होतो. त्यामुळे टँकरवर चढून नळी आत सोडायची, दुसरे टोक तोंडाने ओढून पाणी चालू करायचे आणि घरटी हंडे आधीच ठरवून घ्यायचे, हे मला कुणी शिकवावे लागत नाही. रांगेतल्या एका आजींनी विचारले, "गुरुजी, तुमच्याकडं पण असंच काय?" आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, असे सांगितल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. तेव्हापासून, जिथे रेल्वेचा रूळही नाही त्या तालुक्यात, मी 'रेल्वेवाले गुरुजी' आहे.

आणि इथे पंगतीत ऐकायचे काय, तर "तुला काय, पाणीच पाणी!" आपल्या मराठवाड्यात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडे तीन हजारांच्या वर, पण सच्छिद्र जांभ्या दगडातून आणि तीव्र उतारावरून तो समुद्राला जाऊन मिळतो आणि उन्हाळ्यात हंडे रिकामेच राहतात. ज्यांनी घागरीसाठी रात्री जागून काढल्या त्या माणसांनी तरी हे बोलू नये.

"कोकणातली माणसं आळशी," हे तर मी यापुढे ऐकून घेणार नाही. उतरत्या उन्हात वाळूवर लिलाव लागतो तेव्हा मासळीच्या टोपल्या डोक्यावर वाहणाऱ्या बाया बघा, मग बोला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने त्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. फळ धरायला वर्षे लागणार हे माहीत असूनही लोकांनी पुन्हा रोपे लावली. आपणही दुष्काळानंतर पेरतोच की.

आई-दादांचे वय झाले आहे, हे मान्य. त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. पण आमच्या शाळेतला एक शिक्षक बदलीने गेला, त्याची जागा अजून रिकामी आहे, आणि त्या वर्गातली पोरे माझ्याच फळ्यासमोर दाटीवाटीने बसतात. रांगेतल्या त्या आजींचा नातूही त्यांतच आहे. पाढे म्हणताना सतरापाशी अडतो आणि 'रेल्वे' म्हणून मलाच चिडवतो. आता मीही एस.टी.त बसून निघून यायचे?

ते कपाट मी नंतर मागून घेतले. दिवाळीत आई-दादांना नेणार आहे. कुणाला सोबत यायचे असेल तर जरूर या. फक्त जून-जुलैत येऊन ताजी सुरमई मागू नका, मासेमारी बंद असते. आणि बदलीचा विषय काढणाऱ्याने आपली व्यवस्था लॉजवर करावी.