ही बाजू वर

चित्र रंगवायला मला तीन दुपारी लागल्या आणि ते बांधायला अकरा दिवस. चित्र म्हणजे जलरंगातले एक तळे, काठावरची झाडे आणि त्या झाडांचे पाण्यात पडलेले प्रतिबिंब, एवढेच. फ्रेम करताना कारागिराने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार, जरा जास्तच आत घेतला आणि त्याखाली माझी सही गडप झाली, तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो. परंतु चित्र बोलले पाहिजे, सही नव्हे, असे म्हणून मी स्वतःची समजूत काढली. ताईने फोनवर त्या चित्राचे कौतुक केले. कौतुक करणाऱ्याने खरे तर तेवढ्यावर थांबायचे असते, पण ताई म्हणाली, "अरे, मग पाठव की मला. दिवाणखान्यातली भिंत रिकामीच आहे."

मी "पाठवतो" म्हणून मोकळा झालो. पाठवणे हे क्रियापद तोवर मला फार गरीब स्वभावाचे वाटत होते.

माझी मूळ योजना चित्र जुन्या चादरीत गुंडाळून वर सुतळी बांधण्याची होती. ती ऐकून माझ्या एका चित्रकार मित्राने डोळे मिटून घेतले. या विषयात त्याचे हात चांगलेच पोळलेले आहेत. एकदा त्याने वरवर सुकलेले दिसणारे एक तैलचित्र बबल रॅपमध्ये, फुगे आतल्या बाजूला ठेवून, गुंडाळले होते. तैलरंग बोटाला सुकलेला लागला तरी आतून कित्येक महिने मऊ असतो, हे त्या फुग्यांना नेमके ठाऊक होते. गिऱ्हाइकाने चित्र उघडले तेव्हा स्वच्छ निळ्या आकाशावर गोल ठशांच्या शिस्तबद्ध रांगा उठलेल्या होत्या आणि मित्राला त्या गारा असल्याचे सांगावे लागले. तेव्हापासून आधी गुळगुळीत ग्लासीन कागदाचा थर, मग फुगे बाहेर ठेवून बबल रॅप, हा त्याचा नित्यनेम आहे. माझे चित्र काचेआड असल्याने ही भीती मला नव्हती. तरीही ते व्याख्यान मला पूर्ण ऐकावे लागले.

हे बबल रॅप १९५७ मध्ये दोन अभियंत्यांनी मुळात भिंतीवर चिकटवायचा नक्षीदार कागद म्हणून करायला घेतले होते. भिंतींनी ते नाकारले, म्हणून ते पुढे खोक्यांत शिरले. मी आणलेल्या गुंडाळीतला पहिला हातभर भाग घरातल्या मुलांनी फोडला. त्यांना दम भरताना पुढचा अर्धा हात माझ्याकडूनच फुटला.

प्रथम काचेवर कागदी चिकटपट्टीची आडवी-उभी जाळी करायची होती, म्हणजे काच तडकलीच तर तुकडे जागच्या जागी राहतात आणि चित्राला ओरखडत नाहीत. हे काम सोपे आहे, मात्र पट्टीचे टोक सापडले पाहिजे. चिकटपट्टीचे टोक ही जगातली सर्वांत लाजाळू वस्तू असावी. मी नखाने गुंडाळीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, उजेडाकडे धरून पाहिले, चष्मा काढून पाहिले, चष्मा लावून पाहिले. अखेर टोक सापडले ते तिरके फाटले आणि दोरीएवढी बारीक पट्टी निघत निघत पुन्हा गुंडाळीत लुप्त झाली. जाळी पूर्ण झाली तेव्हा माझे तळे गजांआडून बाहेर पाहत होते.

मग मागचे आकडे आणि तार काढून पुडीत बांधली, कारण ती आतल्या आत टोचतात. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या, कारण पार्सल पडते ते बहुधा कोपऱ्यावरच. त्यावर बबल रॅपचे इतके वेढे दिले की आत चित्र आहे की उशी, हे बाहेरून ओळखू येईना. हे गाठोडे एका खोक्यात आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात, दोन्हींत सर्व बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर भरण घालून ठेवायचे असते. बाहेरच्या खोक्याने मार खायचा आणि आतल्याने तो ऐकायचासुद्धा नाही, अशी ही व्यवस्था आहे. मला हे अति वाटले, तेव्हा मित्राने मायकेलअँजेलोच्या 'पिएता' शिल्पाचा दाखला काढला. १९६४ मध्ये ते व्हॅटिकनहून न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी जहाजाने गेले, तेव्हा पेटीत इतके जाड भरण घातले होते की जहाज बुडाले असते तरी पेटी तरंगली असती. शिवाय ती कुठे आहे हे कळवणारे संदेशयंत्रही सोबत होते. मी त्याला नम्रपणे विचारले की, माझे तळे पाण्यात बुडाले तर नेमके काय बिघडेल. त्याने उत्तर दिले नाही.

बांधून झाल्यावर खोके हलवून पाहायचे असते. आत काही हलले तर भरण कमी आहे असे समजायचे. मी हलवले आणि आतून खुळ्ळ असा आवाज आला. काच गेली, या खात्रीने मी दोन्ही खोकी उघडली, गाठोडे बाहेर काढले आणि तळाशी मला आदल्या दिवसापासून न सापडणारी कात्री सापडली. गाठोडे पुन्हा आत ठेवले, सगळे पुन्हा चिकटवले. पार्सल कसे उघडावे याच्या सविस्तर सूचना मी सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. त्या आतल्या खोक्यात राहिल्याचे मला रात्री दोन वाजता आठवले.

बाहेरून बाण काढण्याचे काम मात्र मी मन लावून केले, कारण काचेची फ्रेम आडवी पडली आणि तिच्यावर इतरांची पार्सले रचली गेली तर संपलेच. 'ही बाजू वर' असे लिहून चारही बाजूंना बाण काढले. नाजूक मालाची खूण म्हणून उभ्या पेल्याचे चित्र असते. तेही मी हाताने, छायाप्रकाशासह काढले.

कुरिअरच्या खिडकीतल्या मुलाने ते बराच वेळ पाहिले. "काका, आत पेले आहेत का?"

"नाही. चित्र आहे."

त्याने खोके काट्यावर ठेवले. वजन साडेसहा किलो भरले, म्हणून मी खूश झालो. तेवढ्यात त्याने टेप काढली. लांबी ऐंशी सेंटिमीटर, रुंदी पासष्ट, जाडी पंचवीस. खोके जेवढी जागा अडवते तिचेही वजन धरतात, त्यासाठी गुणाकाराला पाच हजारांनी भागायचे. "सव्वीस किलो," तो म्हणाला. साडेसहा किलो चित्र, पुठ्ठा वगैरे आणि साडेएकोणीस किलो हवा. गेले अकरा दिवस मी जी जपून भरली, ती हीच.

"किंमत काय लिहू, काका? काही झालं तर तेवढीच भरपाई मिळते."

मी घुटमळलो. जास्त सांगावी तर स्वतःचीच लाज वाटते, कमी सांगावी तर ती कागदावर कायमची नोंदली जाते.

"तुम्हीच काढलंय का?" त्याने विचारले.

"हो."

"मग फ्रेमची लिहितो," तो म्हणाला आणि त्याने ती लिहिलीही.

चौथ्या दिवशी पार्सल पोचले. काचेला तडा नव्हता, कोपरा चेपला नव्हता. संध्याकाळी ताईने भिंतीवरच्या चित्राचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "आकड्यांची पुडी मिळाली बरं का. बाण बघून यांनी वरच्या बाजूला आकडे बसवले. खाली दोन भोकं कसली पडली होती कोण जाणे, ती लांबी भरून बुजवून टाकली. आभाळ जरा गढूळ काढलंयस, पण पाणी! अगदी निवळशंख उतरलंय."

मी फोटो पाहिला. मग फोन उलटा धरून पुन्हा पाहिला. कात्री काढून गाठोडे परत ठेवतानाचा तो क्षण मला लख्ख आठवला.

"आवडलं ना?" एवढेच मी म्हणालो.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांचे कागद कातरून केलेले एक चित्र उलटे टांगले गेले होते. त्यात एक होडी होती आणि तिचेही पाण्यातले प्रतिबिंब. जाणत्या लोकांची तिथे रोजची ये-जा असूनही ४७ दिवसांनी एका प्रेक्षक बाईंच्या ते लक्षात आले. ताईच्या दिवाणखान्यात आज ४१वा दिवस आहे.