पिल्लू रडतं ते मार बसल्यावर

एका चित्रफितीत एक माकडीण पिल्लाला शेपटीला धरून फरफटत नेते आणि खाली मजकूर येतो: ‘किरकिऱ्या पोराला माकडीणसुद्धा सरळ करते. निसर्गच शिकवतो.’ आमच्या घरच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आलं आणि खाली अंगठे पडले. यातून जे जे सुचवलं जातं, ते जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

‘रडतं म्हणून मारते.’ अमेरिकेत जॉर्जियातल्या येर्कीस या माकडांवरच्या संशोधन केंद्रात दारिओ माएस्त्रिपिएरी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांच्या (आपल्याकडच्या लालतोंड्या माकडांच्या) कळपांत नेमकं हेच तपासलं. छळ सोसणारी पिल्लं जास्त रडत होती, हे खरं. पण रडणं बहुतेक वेळा आपटल्या-फरफटल्यानंतर येई. ते छळाचं कारण नव्हतं, परिणाम होता.

‘माकडिणी अशाच असतात.’ नाही. त्या कळपांत असं वागणारी आई फार तर दहातली एक. बाकीच्या आया पिल्लाला पोटाशी धरूनच हिंडतात. दूध तोडताना आई पिल्लाला ढकलते आणि ते थयथयाट करतं, पण हा नकार आहे, छळ नव्हे. शिवाय आपल्याकडच्या काही चित्रफितींत माकडं नसतातच, काळतोंडी वानरं असतात. त्यांच्यात इतर माद्याही पिल्लू हाताळतात. पिल्लू किंचाळतं तेव्हा त्याला पकडणारी त्याची आईच असेल असं नाही!

‘रडण्याकडे दुर्लक्ष करते.’ पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर 1938मध्ये भारतातून नेलेल्या माकडांचे वंशज राहतात. तिथं दिसलं की रडण्याने आसपासची दांडगी माकडं चिडतात आणि मायलेकरांवर धावून येतात. अशी माकडं जवळ असली की आई पिल्लाला लवकर दूध देते. म्हणजे ती ऐकते, आणि आजूबाजूला कोण आहे हेही बघते.

सगळ्यात वाईट भाग ‘मार खाऊन सुधारतात’ हा. माएस्त्रिपिएरींनी काही नवजात माद्यांची अदलाबदल केली: छळणाऱ्या आईची लेक शांत आईकडे, शांत आईची लेक छळणाऱ्या आईकडे. 2005मध्ये निष्कर्ष आले. छळ सोसून वाढलेल्या 16 माद्यांपैकी 9 जणींनी पुढे स्वतःच्या पहिल्या पिल्लाचा छळ केला. शांत आईकडे वाढलेल्यांपैकी एकीनेही नाही, मग जन्मदाती कशीही असो.

त्या फरफटणाऱ्या माकडिणीला कदाचित कुणीतरी असंच फरफटलं असेल. तिचा दाखला देऊन कृपा करून कुणी पोरावर हात उगारू नका.